व्हिडिओ जोडला आहे का?

ठाणे जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला, भाईंदरच्या पुढे, उत्तन. तिथल्या एका मच्छीमार सोसायटीत मी लिखापढी बघते. डिझेलच्या परताव्याचे कागद, बोटींचे परवाने, खलाशांची ओळखपत्रं, बर्फाची बिलं. समुद्राशी माझा संबंध खिडकीतून येणाऱ्या सुक्या बोंबलांच्या वासापुरता, असं घरचे म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही.

2018च्या डिसेंबरपासून या कागदांत आणखी एकाची भर पडली. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर जास्तीत जास्त 25,000 रुपये नुकसानभरपाई. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची ही योजना. कासव, डॉल्फिन, बहिरी म्हणजे व्हेल शार्क, काही जातींचे गिटारफिश, सगळे त्यात येतात. अर्जासोबत बोटीचे कागद आणि प्राणी सोडतानाचे फोटो-व्हिडिओ जोडायचे.

त्याआधी कासव सापडलं असं आमच्याकडे कोणी तोंड उघडून सांगत नसे. वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची, तीन ते सात वर्षांची कैद, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत. मग जिवंत असो की मेलेलं, गुपचूप पाण्यात टाकायचं आणि धक्क्यावर मासळीच्या भावाबद्दल बोलायचं. माझ्या मते योजनेचा खरा फायदा पैशांपेक्षा हा झाला, की माणसं बोलायला लागली. कुठल्या जाळ्यात, कुठल्या महिन्यात, काय अडकतं, हे कागदावर यायला लागलं.

व्हिडिओ मात्र बघण्यासारखे असतात. अर्धा वेळ कोणाचं तरी बोट कॅमेऱ्यावर. मागून सगळी बोट ओरडतेय, ‘काप, काप, तिकडून काप!’ बहिरीच्या एका व्हिडिओत मला फक्त ठिपक्यांची करडी पाठ आणि एका खलाशाचा गुडघा दिसला होता. त्यांना तरी काय बोलायचं? बोट हलतेय, दोघे दोर धरून आहेत, एकाच्या हातात कोयता. फोन धरायला मोकळा हात उरतो कोणाचा?

तर त्या दिवसाबद्दल. डिसेंबर होता, वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील सुकत होते. दुपारच्या आधी एक तांडेल काका, म्हणजे बोटीचे म्होरके, वर ऑफिसात आले. हे कागदाशिवाय कधी जिना चढत नाहीत. म्हणाले, “बाय, जरा धक्क्यावर चल.”

बोटीत ओल्या गोणपाटाखाली ऑलिव्ह रिडले कासव होतं. मादी असावी, शेपूट आखूड होती. पुढच्या डाव्या पायात निळं सूत रुतून कातडी कापली गेली होती. कवचावर उजव्या बाजूला शिंपल्यांचा झुबका, आणि मागच्या कडेला एक जुनी, भरून आलेली खाच. मान लुळी. डोळे अर्धवट मिटलेले.

“मेलंय ता. कशाला आणलंस?” धक्क्यावरून कोणीतरी म्हणालं.

आमच्याकडे डोल चालते. खोल पाण्यात रोवलेल्या खुंटांना नरसाळ्यासारखं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीचा ओढ बोंबील, करंदी, जवळा आपोआप आत ढकलतो आणि सगळं शेवटच्या पिशवीत जमा होतं, तिला खोला म्हणतात. ओढ मंदावला की जाळं वर घ्यायचं. तोवर काही तास जातात. त्यात कासव शिरलं तर त्या ओढीविरुद्ध त्याला मागे फिरता येत नाही. कासवाला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. निवांत पडलं असेल तर तेच कासव बराच वेळ पाण्याखाली राहतं. पण जाळ्यात धडपडताना श्वास भराभर संपतो आणि ते चक्क बुडतं.

या काकांनी जाळं वर घेतलं तेव्हा कासव खोल्याच्या तोंडाशी अडकलेलं होतं. पाय सोडवण्यासाठी त्यांनी खोलाच कापला. त्यातली मासळीही गेली. भरपाई जाळ्याची मिळते, गेलेल्या मासळीची नाही, हे त्यांनी नंतर मला दोनदा सांगितलं.

धक्क्यावर तोवर गर्दी झाली. एक मावशी निळा ड्रम घेऊन आल्या, खारं पाणी भरलेला. “पाण्यातलं जनावर, पाण्याबिगर जगंल का?” चौघांनी कासव उचललंही होतं. मी मध्ये उभी राहिले. माझं एरवी कोणी ऐकत नाही, पण ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातल्या एका प्रशिक्षणाला सोसायटीने मलाच पाठवलं होतं (बाकी कोणाला वेळ नव्हता). तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती: लुळं पडलेलं कासव मेलेलं आहे असं धरू नका आणि पाण्यात टाकू नका. मान उचलायची ताकद नसते, टाकलं की तळाला जातं.

मासळीचा रिकामा क्रेट उलटा घातला. कासव पोटावरच ठेवलं, मागचा भाग क्रेटवर, डोकं खाली. मागची बाजू वीतभर तरी उंच हवी, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं. उलटं, पाठीवर टाकायचं नाही. सावलीत ठेवायचं, अंगावर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. थोड्या वेळाने तोंडातून फेसाळ पाणी आलं, चिकट, लाळेसारखं. मावशींनी ड्रम बाजूला सरकवला पण नेला नाही.

मी अधूनमधून पापणीला बोट लावत होते. काही नाही. शेपटीला चिमटा, काही नाही. मग जेवणाच्या सुमाराला पापणी जरा थरथरली. मला भास वाटला म्हणून काकांना लावायला सांगितलं. त्यांच्या बोटालाही थरथरली. त्यानंतर बऱ्याच वेळाने कासवाने मान इंचभर उचलली, तोंड उघडून ‘हाफ्फ’ असा श्वास घेतला आणि मान परत टाकली. पुढचा श्वास किती वेळाने येतोय हे बघत सगळा धक्का गप्प उभा. लिलाव थांबला नव्हता, पण बोली हळू आवाजात चालली होती.

ऐरोलीहून गाडी निघाली होती. म्हणजे घोडबंदर रोड, आणि त्यावरची कोंडी. ‘गायमुखला आहोत’ हा मेसेज आला आणि तोच बराच वेळ खरा राहिला.

त्या वेळात काका ट्रॉलरवाल्यांवर घसरले. त्यांच्या जाळ्याला कासव निसटायची सोय का नाही, म्हणाले. सोय आहे, कागदावर. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ती बनवलेली आहे. जाळ्यात तिरकी बसवलेली सळ्यांची चौकट, कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव सळ्यांवर अडून झडपेतून बाहेर पडतं. ट्रॉलरवाले म्हणतात मोठी मासळीही तिथूनच जाते. आणि अमेरिकेचा 1989चा कायदा आहे, कासवांची काळजी न घेता धरलेली कोळंबी घ्यायची नाही. त्यावर बोट ठेवून 2019 पासून अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी बंद केली. तळ्यातली घेतात. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आमच्या बोंबलाला कोण विचारतो?” कोणी नाही, हे खरंच आहे. ट्रॉलरवालेही जाळी कापून कासवं सोडतात, त्यांचेही अर्ज मी पाहिलेत, पण तेव्हा मी ते बोलले नाही.

मी विचारलं, “काका, तिथेच सोडून व्हिडिओ काढला असता तर? किनाऱ्याला यायचं डिझेल वाचलं असतं.”

“सोडलं असतं तं बुडालं असतं. अन् फोटोत दिसलं असतं का ता? फोटोत सोडलेलंच दिसलं असतं.”

गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कासव आता मधूनमधून श्वास घेत होतं आणि चांगला पाय क्रेटवर आपटत होतं. केंद्राच्या माणसांनी जखम बघितली, टोपलीत ओलं फडकं घालून नेलं. मी त्यांच्याकडून ताबा घेतल्याची सही मागून घेतली. सवय.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी. सोडतानाचे फोटो जोडायचे, आणि इथे सोडलंच नव्हतं. कासवासाठी जे सगळ्यात बरोबर होतं तेच कागदाला गैरसोयीचं. मी साधं पत्र लिहिलं: कासव बेशुद्ध असल्याने किनाऱ्यावर आणले. सोबत कापलेल्या खोल्याचे फोटो, क्रेटवरच्या कासवाचे, आणि ती ताब्याची सही. बाकी जागा मोकळी ठेवली.

काही आठवड्यांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. कासव बोटीच्या कडेवरून पाण्यात गेलं, दोन फटकारे आणि नाहीसं. मी काकांना बोलावून दाखवला. कवच घासून स्वच्छ केलेलं, शिंपल्यांचा झुबका नव्हता.

“हे तेच कशावरून?”

मी व्हिडिओ थांबवून मोठा केला. मागच्या कडेची खाच होती. काकांनी फोन जवळ घेऊन, लांब धरून, परत जवळ घेऊन बघितलं. गुहागरला टॅग लावलेली बागेश्री नावाची एक मादी 2023 साली श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती, तेही मी सांगितलं.

“जाऊ दे तिला कुठं जायचं तिथं,” ते म्हणाले. “आता जाळ्याचं बोल.”

मी व्हिडिओतली तीन चित्रं छापून अर्जाला जोडली, तारीख घातली आणि त्यांची सही घेतली.