अजरखपूर: ठसे जुने, मांडणी पडद्यावर

भुजहून पूर्वेकडे रिक्षाने निघालं की थोड्याच वेळात अजरखपूर येतं. हे गाव नवं आहे. लाकडी ठशांनी अजरखचं कापड छापणारे इथले खत्री कारागीर मूळचे कच्छातल्याच धमडका गावचे. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात सिंधमधून कच्छात आले, ते नदीकाठ बघून धमडक्याला राहिले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं. लोहाने रंग काळवंडतात, म्हणून अनेक कुटुंबांनी इथे जमीन घेतली आणि कलेच्याच नावाने गाव वसवलं.

मला इथे आणलं मुंबईच्या एका प्रदर्शनातल्या ओढणीने. अजरख म्हणजे काठापासून काठापर्यंत गच्च भरलेली भौमितिक नक्षी, अशी माझ्या डोळ्यांना सवय. या ओढणीचा अर्धा भाग नुसता गडद निळा होता आणि एका कोपऱ्यातून ठसे विरळ होत गेले होते. नक्षी जुनी, मांडणी अगदी आजची. हे कुणाला सुचलं असेल, ते बघायचं होतं.

ज्या कारखान्यात गेले तिथे बाप-लेक काम करतात. वडील लांब मेजापाशी उभे राहून छापत होते. मी त्यांना चाचा म्हणू लागले. सागवानी ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने वर एक ठोका द्यायचा. पुढचा ठसा आधीच्या कडेला असा बिलगतो की जोड शोधूनही सापडत नाही. हे ठसे गांधीनगरजवळच्या पेथापूरला कोरले जातात. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. रेघांचा वेगळा, भरणीचा वेगळा, पांढरं राखायचा वेगळा.

इथे थोडं थांबून प्रक्रिया सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कापड आधी एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लिदीत मुरवून धुतात, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. ते पिवळट होतं. जिथे पांढरं हवं तिथे चुना आणि डिंक छापतात. काळ्यासाठी भंगार लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी चिंचोक्याच्या पुडीने घट्ट करतात. लाल हवं तिथे तुरटी. त्यानंतर नीळ, धुणं आणि शेवटी लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेत किंवा अलिझरिनमध्ये उकळणं. गंमत अशी की तुरटी छापताना लाल कुठेच नसतो. मेजावर मळकट पिवळं कापड दिसतं. लाल उमटतो तो उकळत्या भांड्यात. म्हणजे छापणाऱ्याला शेवटचं कापड सगळा वेळ मनातच धरून ठेवावं लागतं. चाचांच्या पिढीने ते तसंच धरलं.

त्यांच्या मुलाने मला टॅब्लेट दाखवला आणि मला त्या ओढणीचं उत्तर मिळालं. घरातल्या ठशांचे फोटो त्याने एकेक करून काढून ठेवलेत, पणजोबांच्या काळातला रियाळचा, म्हणजे नाण्याच्या नक्षीचा ठसासुद्धा. पडद्यावर तो ठसे मांडतो, फिरवतो, अर्धी ओढणी रिकामी सोडून बघतो, निळ्याच्या जागी लाल घालून बघतो. त्याचा एक नियम मला फार आवडला: पडद्यावर ठसा लहान-मोठा करायचा नाही. लाकूड वाढत नाही आणि आक्रसत नाही, तेव्हा हाताने जे छापता येणार नाही ते पडद्यावरही करायचं नाही. चौकोनी ठसा पाव फेरा फिरवता येतो, तेवढाच तिथे फिरतो. ‘पप्पांना हे डोळे मिटून दिसतं, मला बघावं लागतं,’ तो हिंदीत म्हणाला. चाचा मान वर न करता म्हणाले, ‘पण रिकामी जागा याला दिसली, मला नव्हती दिसली.’

कच्छमध्ये कारागिरांनाच डिझाइन शिकवण्याचं काम २००५ पासून कला रक्षा विद्यालयात आणि २०१४ पासून सोमैया कला विद्यामध्ये झालं. त्यामागे ज्युडी फ्रेटर या अमेरिकी वस्त्र-अभ्यासक बाईंची अनेक वर्षांची मेहनत आहे. त्याआधीची सर्रास पद्धत म्हणजे शहरातल्या डिझायनरने नमुना द्यायचा आणि इथल्याने मजुरीवर छापायचं. मला वाटतं, खरा बदल टॅब्लेटने आणलेला नाही. तो कुणाच्या हातात आहे, याने आणलाय. ज्याला ठशाचं वजन आणि पाण्याचा गुण माहीत आहे, त्याच्याच हातात पडदा आला की नक्षीवर तोच निर्णय घेतो, नावही त्याचंच राहतं आणि पैसाही.

उलटं चित्रही तिथेच कळलं. अजरखचं कापड स्कॅन करून पॉलिएस्टरवर यंत्राने छापलेल्या साड्या बाजारात ढिगाने मिळतात. मुलाने अशी एक साडी हाताच्या कापडाशेजारी पसरली. हाताने छापताना ठसा कधी केसभर सरकतो, पण दर वेळी निराळा. यंत्राच्या साडीत रेघ एका पाकळीबाहेर गेली होती आणि पुढच्या प्रत्येक फुलात त्याच पाकळीबाहेर, अगदी तेवढीच. कुणाच्या तरी हाताची चूकसुद्धा स्कॅन करून विकली होती. मला त्याचा मनापासून राग आला.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची कच्छ एक्स्प्रेस सकाळी भुजला सोडते. अजरखपूरमधलं एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे कच्छी भरतकामाचं संग्रहालय चुकवू नका, त्याला अर्धा दिवस द्या. कारखान्यात सकाळीच पोचा, म्हणजे छपाई आणि निळीचा हौद दोन्ही बघायला मिळतील. खरेदी करताना कापड उलटं करून बघा, फुलं एकमेकांशी ताडून बघा आणि मांडणी कुणाची, हे विचारा. माझी ओढणी अजून तयार झालेली नाही. मांडणी आम्ही दोघांनी पडद्यावर ठरवली, छपाई चाचा करणार आहेत.