ओके टू प्रिंट

रविवार, रात्री साडेअकरा

अजित झोपलाय. भांडी सिंकमध्ये तशीच पडलीत, राहू देत.

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "आई, तू ट्रोल होतीस?" रेवा चिडून नाही म्हणाली, तेच तर. तोंडात टोस्ट, पाय खुर्चीवर, आणि आवाज असा की तू लहानपणी खोखो खेळायचीस का.

चूक माझीच. पहिला अंक दाखव म्हणून महिनाभर मागे लागली होती, शेवटी पलंगाखालून खोका ओढला, हात धुऊन ये म्हटलं, पिशवीची टेपसुद्धा मीच सोडवली. मिस मार्व्हल, मार्व्हल कंपनीचं सुपरहिरो कॉमिक, अंक पहिला, फेब्रुवारी २०१४, किंमत २.९९ डॉलर. कव्हरवर त्यातली हिरॉईन कमला, हातात पुस्तकं, चेहरा अर्धाच. आणि मागच्या पुठ्ठ्याच्या पाठीमागे घडी घातलेली पिवळ्या लीगल पॅडची अडीच पानं. माझं अक्षर. मला आधी वाटलं वाणसामानाची यादी असेल. रेवाने घडी उघडली, मोठ्याने वाचायला लागली, आणि दुसऱ्या परिच्छेदाला मला आठवलं हे काय आहे ते, तोवर उशीर झाला होता.

संपादकांना पत्र. कधीच न पाठवलेलं. वरच्या कोपऱ्यात दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, ओके टू प्रिंट. म्हणजे छापायला आमची हरकत नव्हती. नावासकट.

काय लिहिलं होतं ते इथे तरी उतरवते. पहिला परिच्छेद अभिनंदनाचा, मी कित्येक वर्षं कॉमिक्स वाचते, इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या जर्सी सिटीची हिरॉईन बघून आनंद झाला, वगैरे. मग आला 'बट'. की इथे आमची माणसं इतकी आहेत, न्यूअर्क अव्हेन्यूला एक चक्कर मारा, साड्या, मिठाई, देऊळ, सगळं आहे, तर मग भारतीय मुलगी का नाही? पाकिस्तानीच का? आणि तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य, की यात गोष्टीपेक्षा अजेंडा जास्त दिसतो.

रेवा तिथेच थांबली. "आई. अजेंडा? सीरियसली?"

तो शब्द माझा नाहीच मुळी. तो दुकानातला. २०१३ च्या नोव्हेंबरात नवी मिस मार्व्हल मुसलमान मुलगी असणार अशी बातमी आली तेव्हा मी दर बुधवारी बाबागाडी ढकलत त्या दुकानात जायचे, नवे अंक बुधवारी येतात म्हणून, आणि थंडीत तेवढी एकच जागा होती जिथे तासभर उभं राहिलं तरी कुणी हटकायचं नाही म्हणूनही. पोनीटेलवाले काका म्हणाले मिस मार्व्हल म्हणजे जुन्या अंकांतली कॅरोल डॅनव्हर्स, विषय संपला. आता कॅरोल २०१२ पासूनच कॅप्टन मार्व्हल झालेली, हे नाव रिकामं पडलेलं, पण काकांना ते कोण सांगणार. काउंटरवरचा पोरगा म्हणाला फार तर सहा अंक चालेल. कुणीतरी म्हणालं अजेंडा. टीव्हीवरच्या एका नामवंत विनोदवीराने तर नवऱ्याच्या बाकीच्या बायकांवरून जोक टाकला आणि मग गुपचूप काढून घेतला. आणि गंमत म्हणजे कमलाचा स्वतःचा अंक तेव्हा आलाच नव्हता! तो यायला तीन महिने होते. त्याचं एक पान कुणी वाचलेलं नाही आणि निकाल लागलेला. मी तिथे उभी, रेवाला बाबागाडीत हलवत, आणि मी हसले.

हे मला नीट आठवतंय. हसले, कारण त्या दुकानात पहिल्यांदाच मला कुणीतरी बोलण्यात धरलं होतं.

बरं, एवढंच असतं तर चाललं असतं. पण तो अंक वाचून मी रडले होते. पहिल्याच पानावर कमला दुकानात उभी राहून बेकनचा नुसता वास घेते, खात नाही, खायचं नसतं ना. हडपसरला गाडीतळावर भुर्जीच्या गाडीपाशी मी अशीच उभी राहायचे, नाकाने जेवत, आणि घरी जाऊन गोडं वरण. मग तो पार्टीला नको म्हणणारा बाप, तो अतिधार्मिक आणि अतिबेकार भाऊ, रात्री चोरून पळणं. धुक्यात तिला कॅप्टन मार्व्हल दिसते आणि ती बया उर्दूत बोलते, अमीर खुसरोचं सकल बन फूल रही सरसों. मार्व्हलच्या कॉमिकात खुसरो! तुला काय व्हायचंय विचारल्यावर पोरगी म्हणते तुझ्यासारखं, आणि शेवटच्या पानावर ती खरंच तशी होते, सोनेरी केस, गोरे लांब पाय. मागितलं ते मिळालं आणि चेहरा असा की दुसऱ्याचे कपडे घालून लग्नाला आलीय. तिथे मी रडले.

आणि त्याच आठवड्यात हे पत्र लिहिलं. नंतर नाही, आधी नाही, त्याच आठवड्यात.

हे कसं काय बाई? पोळ्या लाटताना, लाँड्री लावताना, दिवसभर हेच. मी ट्रोल नव्हते. ट्रोल लोकांना कमला नकोच होती, मला हवी होती, फक्त... फक्त काय? कपाळावर टिकली लावलेली हवी होती? तिचं नाव कमला म्हटल्यावर मी आधी क्षणभर खूशच झाले होते, मग आडनाव आलं खान. तो क्षण आहे ना, नाव आणि आडनावाच्या मधला, सगळा घोटाळा तिथे आहे. द्वेष नव्हता तो. हेवा होता. पंगतीत शेजारच्या पानात जिलबी पडावी आणि वाढपी पुढे निघून जावा, तसा. जिलबीवर राग नसतो, शेजारणीवरही नसतो खरं तर, पण बघतो आपण शेजारणीच्याच पानाकडे.

बरोबर आहे का हे? की मी छान उपमा शोधून सुटतेय?

तेव्हाचे दिवसही तसे होते. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणारा व्हिसा. एम.कॉम., चार वर्षांची नोकरी, आणि इथे येऊन काम करायची परवानगी नाही. ती मिळायला २०१५ चा मे उजाडला. त्या जानेवारीतली थंडी, पोलर व्होर्टेक्स की काय म्हणत होते, अजित पहाटे पाथ ट्रेन पकडायचा आणि मी अकरा महिन्यांच्या पोरीशी मराठीत बोलत बसायचे, उत्तर यायचं नाही. माझी गोष्ट कुणाला लिहावीशी वाटेल असं काही माझ्यात होतं का? नव्हतं. मग कुणाच्यातरी पानात पडलेली जिलबी दिसणारच ना. आईंनी फोनवर तेव्हा जे म्हटलं होतं ते आत्ता लिहीत नाही.

पण थांब. हे कारण झालं का? दुकानातल्या पोनीटेलवाल्यालाही कारण असेलच की. त्याचीही बायको, त्याचंही भाडं.

आणि 'आपला' आला नव्हता असंही नाही. २००४ मध्ये आला होता, पवित्र प्रभाकर, मुंबईचा स्पायडरमॅन, चार अंकांचा. एका प्राचीन योग्याने शक्ती दिलेली, खाली धोतर, आणि स्पायडरमॅनच्या मैत्रिणीची, मेरी जेनची, झाली होती मीरा जैन. पुण्यात असताना मी आणि दादाने ते वाचून लोळण घेतली होती, धोतर नेसून गगनचुंबी इमारतींवरून उड्या, अरे काष्टा सुटला तर! तेव्हा मी पत्र लिहिलं नाही कुणाला. म्हणजे मला नुसतं आपलंही नको होतं. कमलासारखं आपलं हवं होतं, योगी वगैरे नसलेलं, आई दारात उभी राहून कुठे होतीस विचारणारं. आता असलं कुणी कसं देणार? कमला का निघाली तर सना अमानत नावाची संपादक, न्यूजर्सीतच वाढलेली, ऑफिसात आपल्या लहानपणीचे किस्से सांगत होती, आणि दुसऱ्या संपादकाला वाटलं यात काहीतरी आहे. एवढंच. पाकिस्तानीच का, तर सांगणारी पाकिस्तानी होती म्हणून. अजेंडा कसला, गप्पा होत्या त्या. मी कुणाला सांगत होते गाडीतळाचे किस्से? बाबागाडीला.

आपल्या गावचा हिरो म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं, म्हणून जास्त लागलं बहुतेक. फाफे, आपला फास्टर फेणे, फुरसुंगीचा. फुरसुंगी आमच्यापुढेच. मी सहावीत असताना बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक काटकुळ्या पोराकडे संशयाने बघायचे, हाच असेल. कुणी म्हणालं नाही तेव्हा की बघा, फुरसुंगीला प्रतिनिधित्व मिळालं. तो आपला होता बस. रेवाला कमलाचं तसंच आहे. अंकात इथलं ग्रोव्ह स्ट्रीट दिसलं की ओळखीचं हसते, खान की कुलकर्णी तिच्या गावीही नाही. शाळेत त्यांचं एकच टेबल असतं, लाहोर, हैदराबाद, सूरत, आणि हडपसरची ही.

ज्यांना आम्ही नको होतो त्यांनाही फरक कळत नव्हताच म्हणा. १९८७ मध्ये याच शहरात, इथल्या पेपरात एक पत्र छापून आलं होतं, डॉटबस्टर्स नावाच्या टोळीचं, भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलण्यासाठी वाट्टेल ते करू. डॉट म्हणजे टिकली. मग पलीकडे होबोकेनला नवरोज मोदीला मारलं, पारशी माणूस, टिकलीचा काय संबंध. तेही पत्रच होतं. छापायला हरकत नसलेलं. मी माझ्या अडीच पानांची त्याच्याशी बरोबरी करत नाहीये, उगाच स्वतःला एवढं मोठं करायची गरज नाही, पण दुपारी ते आठवलं आणि कणीक हातात तशीच राहिली थोडा वेळ.

दुकानातला तो पोरगा सपशेल तोंडावर पडला हे मात्र मला सांगायचंय. सहा अंक म्हणे. पहिलाच अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, २०१५ ला ह्यूगो हे विज्ञानकथांचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर मुसलमानांविरुद्ध जाहिराती लावल्या होत्या त्यांच्यावर लोकांनी कमलाची चित्रं डकवली. २०१७ मध्ये मार्व्हलचाच विक्रीवाला बोलून बसला की दुकानदार म्हणतात गिऱ्हाइकांना ही विविधता नकोय, मग सावरासावर. आणि मुद्दाम करायला गेलं की काय होतं तेही दिसलं, २०२० मध्ये दोन नव्या सुपरहिरो पोरांची नावंच स्नोफ्लेक आणि सेफस्पेस ठेवली, म्हणजे हळव्या लोकांना मारायचे टोमणेच, इकडच्यांनीही झोडलं, तिकडच्यांनीही, अंक आलाच नाही. तिथे सांगायला नुसता अजेंडा होता आणि गप्पा नव्हत्या.

आणि २०२३. कमलाला मारलं. तेही स्वतःच्या कॉमिकात नाही, स्पायडरमॅनच्या, मेरी जेनचं रूप घेतलेलं असताना! म्हणजे वार झेलतानासुद्धा पोरीला स्वतःचा चेहरा नाही, पहिल्या अंकातलं ते सोनेरी केसांचं दुखणं परत तिथेच. मी इतकी भडकले होते की अजित म्हणाला कोण गेलं. दोन महिन्यांत उठवली परत, म्युटंट करून, म्हणजे शक्ती जन्मजातच असलेली, आणि पुढचं कॉमिक लिहायला कोण, तर टीव्ही मालिकेत कमला झालेली इमान वेलानी. ती मुळात फॅनच, वेडी फॅन. कमला स्वतः पहिल्या अंकात अ‍ॅव्हेंजर्सच्या फॅनफिक्शन, म्हणजे फॅनने रचलेल्या गोष्टी, लिहीत बसते. फॅनने लिहिलेलं पत्र तिला तरी समजलं असतं का काय माहीत. वाचून म्हणाली असती, आंटी, जरा जास्तच झालं.

आंटी. हो, आता आंटीच.

का पाठवलं नाही तेही आठवायचा प्रयत्न केला. लाज वाटली म्हणून, असं लिहायला फार आवडलं असतं. तसं काही झालेलं नाही. आधी कागदावर लिहून मग टाईप करायची माझी सवय, त्या दिवशी रेवाला ताप आला, मग दुसरा अंक आला, मग तिसरा, आणि पत्र पुठ्ठ्यामागे गेलं. तिसऱ्या अंकापर्यंत मी पुढे काय होतंय याच्याच मागे होते. तेवढंच. चांगुलपणा नाही, उत्सुकता.

रेवाला मी म्हटलं, अगं तेव्हा मी वेगळी होते. ती म्हणाली, "इट्स ओके, तू पाठवलं तर नाहीस ना," आणि वर, "पण भाऊ बेस्ट आहे यातला." भाऊ! सबंध अंकात हिला आवडला आमिर.

मग मी पोहे टाकायला गेले.

आत्ता खोका आत सरकवताना बघितलं, तिने पत्र परत घडी घालून होतं तिथेच ठेवलंय, टेपही नीट लावलीय. पण लाल पेन फिरलंय त्यावर. 'कलर'मधला यू खोडलाय, 'फेव्हरेट'मधलाही. एका ठिकाणी 'द' घातलाय. समासात लिहिलंय, रन-ऑन सेंटेन्स, तीनदा.

अजेंडाचं स्पेलिंग बरोबर होतं.