दहावा दुसऱ्याच्या जागी

२०११ सालचा आषाढ. झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज आणि गाड्यांसाठी एमपीथ्री सीडी लिहून देणं, असा माझा बेळगावात धंदा. ट्रॅक्स-सुमोवाले ठरलेलं गिऱ्हाईक.

खानापूरकडचा एक ट्रॅक्सवाला पंढरपूरचं भाडं घेऊन निघणार होता. गावच्या भजनी मंडळानं देवळात बसून हरिपाठ रेकॉर्ड केला होता. ज्ञानेश्वरांचे २७ अभंग, २७ फायली. "सीडी करून द्या, माझ्या टेपला पेनड्राइव्हचं भोक नाही," म्हणाला.

पहिली सीडी भाच्यानं लिहिली. दुकानात नवं विंडोज ७ आलं होतं. ते लिहायच्या आधी विचारतं, डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरसाठी? यानं पेनड्राइव्हवर टिचकी मारली. अशी सीडी कॉम्प्युटर वाचतो, पण गाडीतला जुना टेप तिला सीडीच मानत नाही. टेपनं ती गिळली, दोनदा घरघरला आणि परत बाहेर थुंकली. दुसरी मी स्वतः लिहिली, आठच्या स्पीडला, शेवटी सीडी बंद करून, म्हणजे तिच्यावर पुढं काही लिहिता येणार नाही अशी. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली, कारण देवनागरी नावांच्या जागी त्या टेपवर नुसते चौकोन दिसायचे. ट्रॅक्समध्ये बसून लावून बघितली. 'देवाचिये द्वारी' सुरू झालं. वीस रुपये घेतले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. "मामा, दुकान उघडा की. म्हातारी माणसं चिडल्यात."

छत्री धरून गेलो तर ट्रॅक्स दारातच उभी. काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या, आत दहा-बारा जण, टपावर ताडपत्रीखाली वळकट्या. पुढच्या सीटवर बुक्का लावलेले एक आजोबा. मला बघून म्हणाले, "पहिल्या अभंगावर दहावा कसा काय आला गा? आम्ही दुसरा म्हणायला तोंड उघडलं, आणि ह्यो त्रिवेणी संगमी!"

माझा विश्वास बसेना. कॉम्प्युटर लावून फोल्डर दाखवला. स्क्रीनवर एक, दोन, तीन, सगळं सरळ. "हे बघा, बरोबर हाय." आजोबांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "मग तुझ्या डब्यालाच घेऊन जाऊ का पंढरपूरला?"

ट्रॅक्समध्ये बसलो आणि पुढचं बटण दाबत गेलो. एक, दहा, अकरा, बारा... एकोणीस, मग दोन, मग वीस. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विंडोज माणसासारखं आकडे मोजून फायली लावतं. सीडीवर मात्र नावं एकेक अक्षर बघून लागतात, आणि टेप त्याच ओळीनं वाजवतो. त्याला दहा हा आकडा कळतच नाही, त्याला दिसतो एक आणि त्याच्यामागं शून्य. एकवाले सगळे एका रांगेत, मग दोनवाले. सिनेमाची गाणी असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आजवर किती सीड्या मी अशाच दिल्या असतील! पहिलं गाणं वाजलं की सीडी चालली, अशी माझी तपासणी.

इलाज अगदी फालतू निघाला. एकाच्या आधी शून्य. 01, 02, असं 09 पर्यंत. नऊ फायलींची नावं बदलली. लिहिलेली सीडी पुसता येत नाही, म्हणून नवी कोरी घेतली. ती लिहून होईपर्यंत समोरच्या टपरीवरनं सगळ्यांना चहा आला. पैसे ट्रॅक्सवाल्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. त्याची जास्तच लाज वाटली.

सीडी टेपमध्ये गेली. पहिला सुरू झाला तसा मी खाली उतरायला लागलो. आजोबांनी बाही धरली.

"थांब. नववा लाव."

आठ वेळा बटण दाबलं. पाऊस टपावर वाजत होता, आत कुणी बोलेना. नववा पूर्ण म्हणून झाला, मधे खरखर झाली, आणि दहावा लागला. मागची माणसं टाळ्या वाजवत म्हणायला लागली. आजोबांनी माझी बाही सोडली.

"आता परत पहिल्यापासनं लाव," ते ट्रॅक्सवाल्याला म्हणाले.