ताम्हिणीत रिम वाकली : पुण्यात चाकाचा आउट (डगमग) काढायला जाण्याआधी एवढं वाचाच

दिवेआगरला दोन रात्री मस्त गेल्या. त्याबद्दल एवढंच, कारण खरं सांगायचंय ते परतीचं आणि नंतरच्या चार दिवसांचं.

विळे सोडून ताम्हिणी घाट चढताना झाडाच्या सावलीतला खड्डा दिसलाच नाही. माझ्या रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० चं पुढचं चाक धाडकन आदळलं. ट्यूब वाचली, पण हँडल थरथरायला लागलं. तीसच्या वर वेग नेता येईना. चांदणी चौकात पोचेपर्यंत खांदे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या एका गॅरेजवाल्याने चाक न उतरवताच निकाल दिला : रिम गेली, साडेसहा हजार. पुढच्या गॅरेजवाल्याने वीस मिनिटांत काम केलं आणि नऊशे घेतले. हे नऊशे रुपये मला अजून टोचतायत, कारण त्याने चाक आणखी बिघडवलं.

कसं ते नीट समजून घ्या. खड्ड्याच्या दणक्याने रिम हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या दिशेने आत बसते, म्हणून तिथलेच स्पोक (चाकाच्या तारा) ढिले पडतात. त्याने टायर न काढता नेमके तेच स्पोक करकचून आवळले. म्हणजे आत बसलेली रिम आणखी आत ओढली. चाक आधीपेक्षा जास्त उडायला लागलं. ढिला स्पोक दिसला की आवळणारा माणूस दिसला, तर तिथून गाडी घेऊन निघा.

शेवटी चाक काढून मित्राच्या स्कूटरवर नाना पेठेत नेलं. तिथे गाडी नेऊच नका, लावायला जागा मिळत नाही. एका म्हाताऱ्या चाचांनी टायर-ट्यूब उतरवली, निपलना (रिमपाशी स्पोक आवळायच्या नटांना) तेल सोडलं आणि पोच्याच्या आजूबाजूचे स्पोक सैल केले. मग लाकडाचा ठोकळा लावून आतून बाहेर ठोकत रिम गोलाईत आणली. त्यानंतरच चाक आउट काढायच्या स्टँडवर चढलं. आधी वर-खालीचा आउट, मग डावी-उजवीचा. रिम उजवीकडे जाते तिथे हबच्या डाव्या बाजूचे स्पोक आवळायचे, उजव्या बाजूचे तेवढेच सोडायचे, एका वेळी पाव फेरा. दीड तास लागला. साडेचारशे घेतले. मी सहाशे दिले आणि मनापासून दिले.

लोखंडी क्रोम रिम अशी सरळ होते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला बारीकशी चीर दिसली तरी ठोकाठोक करू देऊ नका, बदला.

चाक ताब्यात घेताना समोर फिरवून बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये आउटची मर्यादा २ मिमी असते. पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारा : टण् वाजला तर ताण आहे, बद्द वाजला तर ढिला. ट्यूब घालण्याआधी स्पोकची टोकं निपलबाहेर आलेली नाहीत ना, तेही बोट फिरवून पाहा, नाहीतर आतून पंक्चर ठरलेलं. ३०० ते ५०० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्या.

काल संध्याकाळी मुळशीपर्यंत जाऊन आलो. ऐंशीच्या वेगातही हँडल स्थिर होतं.