वरून भरलेली जखम

पाच वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, बाबा हापूसच्या कलमावरून आंबे काढायच्या घळीसकट खाली कोसळले आणि नडगीचे हाड मोडून बाहेर आले. शस्त्रक्रिया होऊन हाडात रॉड बसला, जखमही भरली. पण दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागी बारीक तोंड पडून पू वाहू लागला. गोळ्या सुरू असेपर्यंत ते मिटायचे आणि गोळ्या संपल्या की पुन्हा उघडायचे. आमच्या वाडीत याची दोनच कारणे सांगितली जात: बाबांनी पथ्य मोडून बांगडा खाल्ला असणार, नाहीतर गोळ्यांत हयगय केली असणार. दोन्ही खोटे होते. बाबा मात्र मान खाली घालून ऐकून घेत, आणि ते मला अजून सलते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान लॅबमध्ये काम करते. जखमेच्या तोंडाशी फिरवलेल्या कापसाच्या तपासणीत पहिल्यांदा ‘वाढ नाही’ असा अहवाल आला होता. पुढे शस्त्रक्रियेत हाडाचा तुकडा मिळाला, तेव्हा त्यातले जीवाणू वाढवून पाहायची प्लेट मी स्वतः लावली. एरवी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू एका दिवसात ठसठशीत वाढतो आणि त्याच्या सोनेरी रंगावरूनच त्याला ‘ऑरियस’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरीच दिसली. तिसऱ्या दिवशी प्रकाशात तिरकी धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढे, रंगहीन ठिपके दिसले. हा त्याच जीवाणूचा मंद वाढणारा अवतार होता.

या जीवाणूची तयारी थक्क करणारी आहे. पांढऱ्या पेशी त्याला गिळून ज्या तीव्र रसायनांनी मारू पाहतात, त्यांचा जोर त्याचा सोनेरी रंग कमी करतो. त्याच्या अंगावरचे ‘प्रोटीन ए’ आपल्या प्रतिपिंडांना शेपटीच्या बाजूने पकडते, त्यामुळे पांढऱ्या पेशींना धरायला जे टोक हवे तेच अडकून पडते. पण बाबांच्या पायात तो टिकला तो मुख्यतः लपून. ओहोटीला कातळावर बुळबुळीत थर दिसतो, तसा चिकट थर तो धातूच्या रॉडवर आणि मेलेल्या हाडावर स्वतःभोवती पसरतो. तिथे रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पांढऱ्या पेशीही नीट पोहोचत नाहीत आणि औषधही. हाडातल्या सूक्ष्म नलिका तर त्याच्या सुमारे एक मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) देहाहून अरुंद असतात. तरी तो अंग चेपून त्यांत शिरतो, जिथे पांढऱ्या पेशीला जागाच नसते. मंद अवतारात तो आपल्याच पेशींच्या आत राहतो, विष फारसे सोडत नाही, आणि म्हणून शरीरही फारसे सावध होत नाही.

गोळ्या घेऊनही तो का उरतो, याचे उत्तर बरेच जुने आहे. 1944 साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमध्ये ठेवलेल्या स्टॅफिलोकॉकसचे थोडे जीवाणू जिवंत राहिलेले पाहिले. त्यांची पुढची पिढी मात्र पेनिसिलिनने पूर्वीसारखीच मरत होती. म्हणजे औषध निष्प्रभ झाले नव्हते. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालते, आणि जो वाढायचाच थांबला आहे तो भिंत बांधत नाही. बाबांच्या गोळ्या जागे असलेले जीवाणू मारत होत्या, निजलेले मागे राहत होते. यात रोग्याचा काय दोष?

सर्जननी रॉड काढला, मेलेले हाड खरवडून काढले आणि त्यानंतर कित्येक आठवडे औषधे चालली. निघालेल्या हाडाचा चिंचोक्याएवढा, पांढराफटक तुकडा मी वाडीतल्या दोघा-तिघांना मुद्दाम दाखवला. बांगड्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

त्याला आता दीड वर्ष होईल. जखम कोरडी आहे, बाबा काठीशिवाय बागेत जातात; पण मी अजूनही अधूनमधून त्या वळावर हाताची पाठ टेकवून तिथे ऊब लागते का ते पाहते.