आमची वाटचाल : जॉबवर्क, एक जुनं संशोधन आणि आमची तीन गेटं

आमचा कारखाना जिग-फिक्स्चरचा, म्हणजे मशिनवर काम करताना सुटा भाग नेमक्या जागी पकडून ठेवणाऱ्या साधनांचा. ग्राहकाने ड्रॉइंग पाठवायचं, आम्ही माल बनवायचा, इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडून बिल लावायचं. सुरुवातीची बरीच वर्षं अशीच गेली आणि त्यात वावगं काही नव्हतं. पण जॉबवर्कमध्ये दर ग्राहक ठरवतो आणि तो वर जाण्यापेक्षा खालीच जास्त वेळा येतो. आपलं नाव कोरलेली एखादी वस्तू असावी, असं आम्हा दोघा भागीदारांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं.

कल्पनांची वानवा नव्हती. टूलरूममधल्या प्रत्येकाकडे एक तरी होतीच. अडायचं ते कोणत्या कल्पनेवर पैसे लावायचे इथे, आणि त्याहून जास्त, सुरू झालेलं काम कधी बंद करायचं इथे. त्याच सुमारास रॉबर्ट कूपर यांचं संशोधन वाचनात आलं. हे गृहस्थ मूळचे केमिकल इंजिनिअर, मॅकगिल विद्यापीठाचे. पुढे व्यवस्थापनाकडे वळले आणि कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. इंजिनिअरचा पिंड त्यांच्या कामात पदोपदी जाणवतो. नव्या उत्पादनांवर बोलणारे बहुतेक जण गाजलेल्या कंपन्यांच्या यशकथा सांगतात. कूपर यांनी पडलेला मालही तितक्याच आस्थेने गोळा केला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘न्यूप्रॉड’ अभ्यासात १०३ औद्योगिक कंपन्यांची १९५ उत्पादनं होती : १०२ चाललेली आणि ९३ बसलेली. रिजेक्ट झालेले जॉब (म्हणजे मशिनवर बनलेले सुटे भाग) चांगल्या जॉबशेजारी मांडून दोष शोधायची आम्हाला सवय आहे, म्हणूनही असेल, पण ही पद्धत लगेच पटली.

चाललेल्या मालात तीन गोष्टी ठळक दिसल्या. वस्तू ग्राहकाच्या नजरेत वेगळी आणि सरस होती, कंपनीला बाजाराची नीट जाण होती, आणि तांत्रिक व उत्पादनाची बाजू तिच्या हातातली होती. नंतर सहकारी संशोधक एल्को क्लाइनश्मिट यांच्यासोबत १९८७ साली त्यांनी २०३ उत्पादनांचा अभ्यास मांडला. त्यात सर्वांत सरस ठरलेल्या गटातली ९८ टक्के उत्पादनं यशस्वी झाली होती, तर तळच्या, म्हणजे ‘इतरांसारखंच आमचंही’ छापाच्या गटातली १८.४ टक्के. यातला ९८ हा आकडा मी जरा बेतानेच घेतो. ही माहिती उत्पादन बाजारात जाऊन आल्यावर कंपन्यांच्या लोकांनीच दिलेली. जे खपलं ते मागाहून सरस वाटणारच. १८ मात्र मी डोळे झाकून मान्य करतो. आमच्या धंद्यातले कॅटलॉग चाळा, कारण कळेल.

याच अभ्यासांतून त्यांची स्टेज-गेट पद्धत उभी राहिली. कामाचे टप्पे पाडायचे : प्राथमिक चाचपणी, सविस्तर हिशेब, विकास, चाचणी आणि बाजारात उतरवणं. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक गेट. तिथे निर्णय चारच : पुढे चला, बंद करा, राखून ठेवा, दुरुस्त करून परत आणा. पहिल्या टप्प्यांवर खर्च कमी आणि पुढे तो वाढत जाणारा, म्हणून चाळणी आधीच लावायची. कूपर यांची तक्रारही हीच की, बऱ्याच कंपन्यांमध्ये गेट नावालाच असतं; एकदा आत शिरलेलं काम कोणी थांबवत नाही.

हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेलं. तिथे विभागप्रमुखांची समिती बसते. आमच्याकडे समिती म्हणजे कोण? कल्पना मालकाची, पैसे मालकाचे आणि गेटवरचा पहारेकरीही मालकच, मग अडवणार कोणाला? म्हणून आम्ही टप्पे छाटून तीनच गेटं ठेवली : ड्रॉइंगला हात लावण्यापूर्वी, नमुन्यासाठी मटेरियल मागवण्यापूर्वी आणि पहिल्या बॅचपूर्वी. नियम एकच केला. ज्याची कल्पना, त्याला त्या बैठकीत मत नाही. मत द्यायचं ते दुसरा भागीदार, टूलरूमचे मिस्त्री आणि हिशेब पाहणाऱ्या ताई यांनी. ताईंना फिक्स्चरमधलं फारसं कळत नाही, आणि त्यामुळेच त्यांचे प्रश्न जास्त टोचतात. ‘हे कोण विकत घेणार, नाव सांगा,’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

पहिलाच बळी गेला तो माझ्या भागीदाराच्या सेल्फ-सेंटरिंग व्हाइसचा, म्हणजे जॉब आपोआप मधोमध पकडणाऱ्या शिकंज्याचा. कल्पना सुबक होती, आमच्या मशिनवर सहज होण्यासारखी होती. पण ग्राहकांकडे विचारत फिरल्यावर कळलं की, तसे व्हाइस त्यांच्याकडे आधीपासून आहेत आणि बदलण्याजोगा त्रास कोणालाच नाही. पहिल्याच गेटवर काम बंद झालं. भागीदार काही दिवस घुश्शात होता.

दुसरी कल्पना तक्रारीतून आली. फिक्स्चरवरचे रेस्ट पॅड, म्हणजे जॉब ज्यांवर टेकतो त्या टेकण्या, लवकर झिजतात, जास्त कडक द्या, अशी मागणी ग्राहक करत होते. कूपर यांचा भर सगळ्यात जास्त आहे तो डिझाइनच्या आधीच्या गृहपाठावर, म्हणून थेट ग्राहकाच्या व्हीएमसीपाशी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनपाशी) जाऊन उभे राहिलो. ऑपरेटर दर जॉबला एअर गन मारायचा, मग पॅडवरून बोट फिरवायचा, जॉब ठेवायचा आणि प्लास्टिकच्या हातोडीने वरून ठोकायचा. आवाज भरीव आला की क्लॅम्प आवळायचा. पोकळ आला की जॉब उचलून पुन्हा सगळं पहिल्यापासून. पॅड झिजत होते ते या ठोकाठोकीने, आणि ठोकाठोकी होती ती खाली अडकलेल्या चिप्समुळे, म्हणजे धातूच्या किसामुळे. कडक पॅडने त्यातलं काहीच सुटलं नसतं.

आम्ही बनवला तो मधोमध भोक असलेला पॅड. जॉब काढला की त्यातून हवा सुटते आणि चिप्स उडवते; जॉब नीट टेकला की भोक बंद होऊन दाब वाढतो आणि मशिनला सिग्नल जातो. चिप मध्ये आली तर दाब चढत नाही, मशिनचं काम सुरू होत नाही. जॉब नीट बसलाय का हे हवेने तपासणं ही काही आमची कल्पना नाही, महागड्या फिक्स्चरमध्ये ते पूर्वीपासून आहे. आमचं काम एवढंच की, जुन्या फिक्स्चरवरचा पॅड काढून त्याच आट्यात हा बसावा. दुसऱ्या गेटवर मिस्त्रींनी तो परत पाठवला, कारण कूलंटचा (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गाळ भोकात बसेल अशी त्यांना शंका होती. नमुना एका ग्राहकाच्या मशिनवर लावला तेव्हा झालंही तसंच. मग भोकाला तळाशी रुंद केलं, पुन्हा लावला, पुन्हा बदलला. ‘बनवा, दाखवा, ऐका, बदला’ असे फेरे टप्प्यांच्या आत घालायला कूपर यांनीही पुढे सांगितलंच आहे.

आज कारखान्याच्या कामात या पॅडचा वाटा चांगला आहे, जॉबवर्कही चालू आहे. सध्या तारेशिवाय सिग्नल देणारा पॅड पहिल्या गेटवर राखून ठेवलाय. कल्पना माझी. ग्राहकांना सांगितलं तर सगळे छान म्हणतात, पण चाचणीसाठी स्वतःचं फिक्स्चर द्यायला अजून कोणी तयार झालेलं नाही. ते मिळेपर्यंत ताई फाइल पुढे सरकू देत नाहीत.