कोल्हापुरात पहिलं घर घेताना आधी पाणी बघितलं

घर शोधायला लागलो तेव्हा दर चौरस फुटाच्या आधी आम्ही एकच विचारायचो: इथं पूर कुठवर आला होता? शहराजवळून वाहणाऱ्या पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात; तिथं धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. ते दोन्ही पावसाळे ज्यांनी इथं काढले, त्यांना वेगळं सांगायला नको.

नागाळा पार्कातला एक टू बीएचके घरात सगळ्यांना आवडला. दुसरा मजला, भरपूर उजेड. सासूबाईंनी तर देवघराची जागाही ठरवली. एजंट म्हणाला, "पाणी पार्किंगपर्यंतच येतंय." मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन विचारलं. काकांनी शटरवर हात ठेवला. "वहिनी, हितंवर हुतं. लाईट तर कितीतरी दिवस नव्हती." घरात पाणी शिरणार नाही हे खरं, पण मीटर, मोटर, बोअरचं पॅनेल सगळं तळाला. आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना बोटीत कसं बसवायचं? तिथंच नको म्हटलं.

नदीपासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नदी फुगली की शहरातून नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढं जात नाही, मागं तुंबून शहरात पसरतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरला पाणी येतं ते त्यामुळं. पूररेषेचा नकाशा जरूर बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. तरी गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय टोकन (बयाण्याची पहिली रक्कम) देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मग उंचावरचे भाग धरले. पाचगावकडं दर जमत होता, पूरही नाही. पण नळाला पाणी कधी येतं हे तिथल्या बायकांना विचारलं, तर आधी टँकरचाच विषय निघाला. शेवटी सागरमाळला जुना फ्लॅट मिळाला. पहिला मजला, नळाचं पाणी नेमानं. नवी इमारतही एक बघितली होती, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) "येईल हो" यावर मी पैसे देणार नव्हते.

कागदांचं सगळं वकिलांवर सोपवलं. त्यांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकी आणि बोज्यांच्या जुन्या नोंदी, काढला, सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड (जागेच्या मालकीचा उतारा) काढलं, मूळ मालकाचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागवला. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, आम्ही स्वतः टेप लावून मोजला. जुन्या फ्लॅटवर जीएसटी नसतो, तेवढी बचत झाली. घर फक्त माझ्या नावावर घेतल्यानं मुद्रांक शुल्काच्या दरात एक टक्का सवलत मिळाली, हे बहिणींनो, नक्की लक्षात ठेवा. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

दस्त झाला त्याच आठवड्यात सूची क्रमांक २ (दस्त नोंदल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा) घेऊन घरफाळ्याला आणि लाईट बिलाला नाव लावायचे अर्ज दिले. पाणीपट्टीची जुनी थकबाकी मालकानं भरल्याची पावती मात्र मी दस्ताच्या आधीच हातात घेतली होती.